बेरिंगची गाडी आणि देवराष्ट्र्याची जीप

हात-पाय, गुडघे, कोपरं सगळं जागेवर आहे ना? हसू नका, मुद्दाम विचारतेय. मागच्या महिन्यात एका सोमवारी आमच्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा शाळेत आला तो हनुवटीला पट्टी लावून. दोन्ही गुडघे फुटलेले आणि तळहातांवर हळद.

"काय रे, सायकलवरून पडलास का?"

"नाई मॅडम."

"मग? झाडावरून?"

"नाई मॅडम. जीपवरून."

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण ती जीप कुठून आली ते माझ्या लगेच लक्षात आलं. ती मीच शुक्रवारी वर्गात आणली होती. खरीखुरी नव्हे, गोष्टीतली!

ती गोष्ट आधी तुम्हाला सांगते, मग या पठ्ठ्याच्या हनुवटीकडे येऊ.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म तिथलाच, १९१३ सालचा. याच गावात दत्तात्रय लोहार नावाचे एक कारागीर आहेत. आडनावाप्रमाणेच लोखंडाचं काम करणारे. शिक्षण बेताचं. त्यांच्या मुलाला वाटे, आपल्याकडे चारचाकी असावी. आता चारचाकी म्हणजे लाखांची गोष्ट! ती कुठून आणणार? मग लोहारांनी काय केलं, तर भंगारातल्या मोडक्या गाड्यांचे भाग गोळा केले. दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं, जुन्या जीपचं बॉनेट असं एकेक जमवलं, कापलं, वाकवलं, वेल्डिंग केलं आणि एक छोटीशी जीप उभी केली. खर्च आला साठ हजार रुपयांच्या आसपास.

या जीपच्या दोन गमती मला फार आवडतात. एक म्हणजे ती किल्ली फिरवून चालू होत नाही. जुन्या स्कूटरला मारतात तशी किक मारायची. दुसरी म्हणजे तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला आहे. आपल्याकडच्या गाड्यांना ते उजवीकडे असतं.

डिसेंबर २०२१ मध्ये या जीपची चित्रफीत मोबाइलवरून देशभर फिरली. महिंद्रा कंपनीचे आनंद महिंद्रा यांनीही ती पाहिली आणि आपल्या संदेशात तिचं मनापासून कौतुक केलं. पण बरं का, कौतुकाच्या आधी त्यांनी एक गोष्ट सांगून टाकली होती : ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, की आज ना उद्या अधिकारी ही गाडी रस्त्यावर अडवणारच, तर ही आम्हाला द्या आणि बदल्यात मी नवी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये तसं झालं. लोहारांच्या घरी नवी कोरी बोलेरो आली आणि त्यांची जीप कंपनीच्या चेन्नईजवळच्या संशोधन केंद्राकडे गेली. तिथल्या इंजिनिअरांनी ती पाहावी आणि थोडक्यात काय काय करता येतं ते शिकावं म्हणून!

इथे मी वर्गाला विचारलं, "तुम्ही असता तर दिली असती का जीप?"

काय तो गलका! अर्ध्याहून जास्त हात बोलेरोकडे. "मॅडम, नवी गाडी भेटून राह्यली अन् नाई म्हणावं?" काही मुलांना मात्र पटेना. स्वतः केलेली गाडी अशी देऊन टाकायची? बापानं पोरासाठी केलेली? त्यांच्यातला एक जण तर रागावूनच बोलत होता. वाद काही मिटेना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि शांतपणे म्हणाली, "बोलेरो घ्यावी न जीप पुन्हा बनवावी. हाताले तं येतेच न."

आता या पोरीला मी काय शिकवायचं!

असा तो शुक्रवार मोठा मजेत गेला. घंटा झाली, मुलं घरी गेली. आणि आमचा पठ्ठ्या शनिवार-रविवारात कामाला लागला.

त्याने केली ती बेरिंगची गाडी. तुमच्यापैकी कितीतरी जणांना ती माहीत असेल. नसेल तर आपल्या बाबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील! एक फळी, तिच्या खाली पुढे-मागे दोन आडवे दांडे आणि दांड्यांच्या चारही टोकांना चाकं म्हणून जुनी बॉल बेरिंगं. पुढचा दांडा फळीला एकाच नट-बोल्टने मधोमध अडकवायचा, म्हणजे तो डावी-उजवीकडे वळतो. त्याच्या दोन टोकांना दोरी बांधली की झालं स्टेअरिंग. इंजिन? उतार हेच इंजिन! डांबरी रस्त्यावर ही गाडी जो काही घर्रर्र आवाज करते, की दुपारी झोपलेली अख्खी गल्ली जागी होते.

बेरिंगं त्याने गावातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून आणली. विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी दुरुस्तीला येतात तेव्हा झिजलेली बेरिंगं काढून नवी घालतात. जुनी ढिगात पडलेली असतात, भंगारवाला ती किलोवर नेतो. त्याला त्यात लोखंड दिसतं, आपल्याला चाक दिसलं पाहिजे.

बेरिंग हातात आलं की त्याच्या कडेवर कोरलेला आकडा वाचा. समजा ६२०५ असा आहे. शेवटचे दोन अंक घ्या, ०५. त्याला पाचाने गुणा. झाले २५. म्हणजे त्या बेरिंगचं आतलं भोक २५ मिलिमीटरचं! ६३०६ असेल तर ३० मिलिमीटर, ६३०८ असेल तर ४०. आहे की नाही गंमत? शेवटी ०४ किंवा त्याहून मोठा अंक असला की हा हिशेब जमतो. ६२०३ ला मात्र फसू नका, त्याचं भोक १७ मिलिमीटरचं असतं. पहिला अंक सारखाच असताना मधला अंक २ ऐवजी ३ असला, तर त्याच भोकाचं पण बाहेरून मोठं आणि जाड बेरिंग. ६२०५ बाहेरून ५२ मिलिमीटर, तर ६३०५ बाहेरून ६२. गाडीला मोठं चांगलं, कारण रस्त्यावरच्या बारीक खडीत छोटं चाक अडकून बसतं. दांडा त्या भोकाच्या मापाने तासायचा, किंचित जाडच ठेवायचा आणि बेरिंग ठोकून घट्ट बसवायचं. आमच्या पठ्ठ्याने बाभळीचा दांडा तासला होता. पाचाचा पाढा त्याला वर्गात कधी धड म्हणता येत नाही, पण दुकानदाराने बेरिंगचा हा हिशेब दाखवला तेव्हा तो चुटकीसरशी आला. हे मला नंतर कळलं. आणि थोडं लागलंही मनाला, कारण पाढे मी शिकवते.

वहीच्या मागच्या पानावर त्याने खर्च लिहिला होता. चार बेरिंगं साठ रुपये, नट-बोल्ट पंधरा रुपये. खिळे घरचे. दोरी म्हणजे बैलाचा जुना कासरा, फुकट. जुन्या दाराची फळी, तीही फुकट. एकूण पंच्याहत्तर रुपये! खाली दोन रेघा मारून, अगदी दुकानदारासारखं. मी ते पान दोनदा वाचलं.

"अरे, यात ब्रेक कुठं आहे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमी त्या जीपच्या गोष्टीत ब्रेकचं सांगतलंच नव्हतं."

खरं होतं. किकचं सांगितलं, स्टेअरिंगचं सांगितलं, बोलेरोचं तर रंगवून रंगवून सांगितलं. गाडी थांबते कशी, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून हा लेख. शुक्रवारी जे राहिलं ते आता सांगते, आणि तुम्हा सगळ्यांनाच सांगते.

भंगारातून गाडी उभी करायचं वेड काही आपल्याकडेच नाही. अमेरिकेत अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. तिथे फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी नावाची गाडी काढली होती. दीड कोटीच्या वर गाड्या झाल्या! त्यामुळे पुढे जुन्या गाड्यांचा नुसता सुकाळ झाला आणि त्या कवडीमोलाने मिळू लागल्या. खिसा रिकामा पण हाताला खाज, अशी तिथली तरुण मुलं मग त्या विकत घेत. कॅलिफोर्नियात १९३० नंतरच्या दशकात हे वेड फार वाढलं. चिखल अडवणारे पत्रे काढ, टप काढ, बॉनेट काढ, जे जे बिनकामाचं ते सगळं काढून टाक. कशासाठी? वजन कमी करायला. इंजिन तेच ठेवून गाडी हलकी केली तर ती चटकन वेग घेते. दप्तर पाठीवर घेऊन धावा आणि दप्तर ठेवून धावा, म्हणजे कळेल! १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन स्वस्त गाडीत बसवलं. मॉडेल टीचं इंजिन होतं २० अश्वशक्तीचं. ही आठ सिलिंडरची इंजिनं भंगारात येऊ लागली आणि मग काय विचारता!

ही मुलं शर्यती लावत कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर. मैलोन् मैल सपाट जमीन, ना झाड ना दगड. (आपल्या लोणारचं सरोवर आठवलं ना? ते खारं आहे, पण ते कोरडं नाही आणि अभयारण्यही आहे. तिथे गाडी नेण्याचा विचारसुद्धा करू नका!) पण धुळीत पुढचं दिसेना, गाड्या एकमेकांवर आदळू लागल्या. तेव्हा १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना केली आणि नियम घातले. तरी काही मुलं रात्री गावातल्या रस्त्यावरच शर्यती लावत. लोक वैतागले. १९५१ मध्ये वॅली पार्क्स नावाच्या गृहस्थाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. शर्यत हवी ना? मग ती रस्त्यावर नाही, आखलेल्या पट्टीवर, गाडी तपासून घेऊन.

आणि आता ब्रेक. मॉडेल टीच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हता! पुढे १९३९ च्या फोर्ड गाडीला तेलाच्या दाबावर चालणारे, चारही चाकांचे ब्रेक आले. तेव्हा जुन्या गाड्या पळवणारी ही मुलं भंगारात नुसतं मोठं इंजिन शोधत नसत, तर १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेकही शोधत आणि ते आपल्या जुन्या गाडीला बसवत. त्या पोरांनी ते शिकायला काही मोडकी हाडं खर्ची घातली असतील. आपल्याला ती घालायची गरज नाही.

ब्रेक करतो काय? वेगाची उष्णता करतो. उतारावरून सायकल ब्रेक दाबत आणलीत, की थांबून रिमला बोट लावून पाहा. कोमट लागेल. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूरचा घाट लागतो. एसटीत ड्रायव्हरकाकांच्या जवळ बसलात तर लक्ष ठेवा, घाट उतरताना ते गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतात. इंजिन धरून ठेवतं म्हणून सारा भार ब्रेकवर पडत नाही. सगळा घाट नुसता ब्रेक दाबून उतरला तर ब्रेक इतके तापतील की लागेनासे होतील.

आणि वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर किती लागेल? दुप्पट? आमच्या वर्गाने एका सुरात "दुप्पट!" म्हणून सांगितलं. मग मैदानावर गेलो. तुम्हीही करा, पण मोठं माणूस बरोबर घ्या. दहा मीटरच्या अंतरावर चुन्याच्या दोन रेघा मारा. सायकल दोन रेघांमधलं अंतर चार सेकंदात कापेल अशी हळू चालवा आणि दुसऱ्या रेघेवर मागचा ब्रेक दाबा. किती पुढे जाऊन थांबली ते मोजा. मग तेच अंतर दोन सेकंदात कापा, म्हणजे वेग बरोबर दुप्पट. पुन्हा मोजा. हळू सायकल आमच्या कोरड्या मैदानावर साधारण एक मीटरवर थांबली. वेगातली? चार मीटरच्या आसपास! दुप्पट नाही, चौपट. वेग तिप्पट केला तर नऊपट होईल. ते मात्र करून पाहायचं नाही, कागदावरच करायचं.

मुलं गप्प झाली. पट्टीवाल्या पठ्ठ्याने बुटाने माती उकरत विचारलं, "मंग मी कितीवर थांबलो असतो?"

तो थांबलाच नव्हता. गावाबाहेरच्या उतारावर गाडीने वेग घेतला, खाली हमरस्ता आला. तिथून ट्रॅक्टर येताना दिसला तेव्हा त्याने दोरी ओढून गाडी कडेच्या बाभळीच्या कुंपणात घातली. हनुवटी तिथे फुटली. ट्रॅक्टरवाल्याने थांबून त्याला काट्यांतून काढलं आणि घरी पोचवलं. हे ऐकलं आणि मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले. बाबा अंगणातच होते. कुऱ्हाडीने फळीचे तुकडे करून चुलीत घातले होते, राख अजून दिसत होती. मुलगा आतल्या दाराआड उभा.

"बसा मॅडम. त्याले समजावून सांगा जराक. हात-पाय मोडले असते तं? जीव गेला असता तं?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमचं बरोबर आहे. चूक माझीसुद्धा आहे." आणि शुक्रवारची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "आमी बी लहानपणी चालवल्या मॅडम बेरिंगच्या गाड्या. पण तवा रस्त्यावर दिवसाकाठी एक एसटी अन् दोन बैलगाड्या. आता पाहा न, मिनिटाले गाडी."

हे मला सुचलं नव्हतं. आपण मोठी माणसं सारखं म्हणतो, आमच्या लहानपणी आम्ही हे करायचो, ते करायचो, आताची पोरं मोबाइलमध्येच. पण तेव्हाचे रस्ते कुठं आहेत? मोकळी जागा आम्ही मुलांना दिली नाही आणि वर म्हणतो, बाहेर खेळत नाहीत.

उठता उठता माझं लक्ष भिंतीतल्या कोनाड्याकडे गेलं. देवाच्या तसबिरीशेजारी चार बेरिंगं, रॉकेलने पुसून ठेवल्यासारखी चकचकीत. मी बघतेय हे पाहून बाबा जरा ओशाळले. "फळी जाळली मॅडम. बेरिंगं चांगले होते."

तेव्हाच मला कळलं, गाडी पुन्हा होणार.

आता ती कशी झाली ते सांगते, कारण बाबांनी डोकं चांगलं चालवलं. पहिली अडचण अशी, की या गाडीचं चाक म्हणजे गुळगुळीत पोलाद. ते दाबून अडवलं तरी डांबरावर घसरत जाईल. तेव्हा ब्रेक चाकाला नाही, जमिनीला लावायचा. चाळीस सेंटिमीटरचा लाकडी दांडका घेतला, फळीच्या कडेला उभा, खालून दहा सेंटिमीटरवर बोल्ट घालून फिरता बसवला. खालच्या टोकाला स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकला. वरचं टोक हाताने मागे ओढलं की खालचं टोक जमिनीवर दाबलं जातं. सहावी-सातवीतल्या मुलांनी ओळखलं असेल, ही तर तरफ! वरचा भाग तीस, खालचा दहा, म्हणजे हाताचा जोर तिप्पट होऊन खाली पोचतो.

पहिल्या दिवशी त्यांनी दांडका एकाच बाजूला, उजवीकडे बसवला. ओढला मात्र, गाडी जागच्या जागी गर्रकन उजवीकडे फिरली आणि स्वारी खाली! (मैदानावर, मातीशेजारी आणि हेल्मेट घालून, तेव्हा काळजी नको.) एक बाजू अडली आणि दुसरी पुढे गेली की असंच होणार. मोठ्या गाड्यांमध्येही डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक सारखे लागले नाहीत तर गाडी एका बाजूला ओढते. मग दुसरा दांडका डावीकडे आला आणि दोन्हींची वरची टोकं एका आडव्या काठीने जोडली. आता एक ओढली की दोन्ही लागतात.

नवा हिशेब वहीत आला : दोन बोल्ट वीस रुपये, टायरचा तुकडा फुकट. गाडी पंच्याण्णव रुपयांची झाली. स्वस्तात करायचं म्हणजे सगळंच जुनं घ्यायचं असं नाही, हेही त्यात आलं. फळी जुनी चालते, दांडा जुना चालतो. बेरिंग जुनं चालतं, पण बोटाने फिरवून पाहा, आत खरखर लागली किंवा कडेला तडा दिसला तर सोडा. जुना कासरा मात्र आम्ही काढूनच टाकला. तो आतून कुजला होता, ऐन वळणावर तुटला असता. ब्रेकचे बोल्ट नवेच घेतले. आणि दुसऱ्याचं, पडलेलं-आपटलेलं हेल्मेट कधीच नाही. ते बाहेरून धड दिसलं तरी आतून दबलेलं असू शकतं.

आता थोडं पालकांशी. मुलं मोठी होतात, बेरिंगवरून त्यांचं मन लुना-मोपेडच्या इंजिनावर जातं. "घरच्या शेतात चालवतो" म्हणता म्हणता गाडी रस्त्यावर येते. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. देवराष्ट्र्याची जीपही म्हणूनच आज ना उद्या अडली असती. आणि १८ वर्षांखालच्या मुलाने गाडीने गुन्हा केला तर २०१९ पासून कायद्यात पालकालाच दोषी धरलं आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. शिवाय त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कंपनीला नवी गाडी विकायची असली तरी ती आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते आणि त्या तपासणीत ब्रेक आलेच.

पण स्वतः गाडी बनवायची इच्छा असेल तर पुढे वाट आहे, बरं का. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी बाहा नावाची स्पर्धा असते. भारतात तिची सुरुवात २००७ मध्ये इंदूरजवळ पीथमपूरला झाली. मुलंमुली मिळून एका माणसाची दणकट गाडी डिझाइन करतात, स्वतः बांधतात आणि खडकाळ, खड्ड्यांच्या वाटेवर चालवतात. शर्यतीत उतरण्याआधी गाडीची परीक्षा होते. तिच्यात गाडी जोरात आणून ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं जागच्या जागी जाम व्हायला हवीत. एक जरी फिरत राहिलं तरी गाडी बाजूला, दुरुस्त करून आणा! तोवर तुमचं इंजिन कितीही भारी असो, शर्यतीची वाट बंद.

आम्ही मैदानावर आमच्या गाडीची हीच परीक्षा घेतली. चाकं जाम करायची नव्हती, म्हणून नियम बदलला : शाळेच्या गेटपासून मैदानाकडे येणारा जो छोटा फरसबंद उतार आहे, तिथून सोडायची आणि चुन्याच्या रेघेनंतर दोन मीटरच्या आत थांबली तर पास. गेटला कुलूप, रस्त्याकडे कुणी जायचं नाही. उताराच्या पायथ्याशी बाबा उभे. पहिल्या फेरीत अडीच मीटर, नापास. टायरचा तुकडा बदलून खोलगट नक्षीचा लावला. दुसऱ्या फेरीत पावणेदोन. वर्गाने जो ओरडा केला, तो ऐकून शेजारच्या वर्गाचे सर धावत बाहेर आले. मागच्या बाकावरची ती मुलगी दुसऱ्या नंबरला बसली आणि दीड मीटरवर थांबवून दाखवली. पठ्ठ्याला ते फारसं आवडलं नाही.

टायरचा तुकडा तेवढ्या दुपारीच झिजून गेला. आता तो ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा शोधतोय. तुमच्याकडे कुणाला याहून चांगला ब्रेक सुचला असेल तर चित्र काढून पाठवा, मापं सेंटिमीटरमध्ये लिहा. पुढच्या आठवड्यात भेटू, तेव्हा सायकलच्या डायनॅमोची खटपट करायची आहे. जुना डायनॅमो शोधून ठेवा!